काय झालं म्हणून विचारू नका

...आणि हो, एक विनंती आहे, मला 'काय झालं' म्हणून विचारू नका! चेहरा कसाही दिसू दे, कोपराला पट्टी दिसू दे, केसांत वाळकं पान अडकलेलं दिसू दे, विचारायचं नाही म्हणजे नाही! कारण कुणी 'काय झालं' विचारलं की आपण एक ठरावीक उत्तर देतो, सगळं जग तेच देतं, आणि नेमकं तेच उत्तर द्यायला आमच्या घरात बंदी आहे. कुणी घातली? कुत्र्याने! हसा, हसा. तुमच्याकडे तसला कुत्रा नाही म्हणून हसताय. असता तर इथे पंख्याखाली बसला असतात का? एखाद्या झाडामागे लपून उभे असतात.

हो, झाडामागे. मी सांगते ना तुम्हाला, मी दातांची डॉक्टर आहे. माझ्या खुर्चीत बसल्यावर भलेभले देवाचं नाव घेतात. आणि तीच मी रोज सकाळी, खिशात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे घेऊन, झाडाला चिकटून उभी असते, कारण समोरून दुसरा कुत्रा येतोय. केवढा कुत्रा? माझ्या हातरुमालाएवढा! आणि आमचा? आमचा पुढचे पाय उचलून उभा राहिला तर माझ्या खांद्यावर हात ठेवतो. पण घाबरतो कोण? आमचा! आणि घाबरला की पळून जाईल, लपेल, शेपूट घालेल... छे! भुंकतो, उड्या मारतो, दोरी ताणून मला असा ओढत नेतो की मी कुत्र्याला फिरवतेय की कुत्रा मला वाळत घालतोय हेच बघणाऱ्याला कळू नये.

नाव काय असेल त्याचं? मुक्या! कारण पिल्लू घरी आणलं तेव्हा तोंडातून आवाज नाही. आमचे हे तर म्हणाले होते, "मुका आहे की काय गं? परत देऊन दुसरं आणू या का?" हे विमा कंपनीत आहेत, लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायच्या खात्यात, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर पटकन विश्वास ठेवायचा नाही ही सवय. लग्नात माझ्या वडिलांना ह्यांनी... जाऊ दे, तो विषय वेगळा.

तर पिल्लू. घर आमचं वर, दवाखाना खाली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे पिल्लामागे धावणं जमेना, म्हणून मी त्याची टोपली दवाखान्यात आणली, बाहेरच्या खोलीत, नावं लिहून घेणाऱ्या आमच्या ताईंच्या टेबलाखाली. इतकं शहाणं पिल्लू! आत माझं मशीन घुर्रर्र करतंय, पेशंट आऽऽऽ करतोय, आणि हे टेबलाखाली गपगार. पेशंट सुटून बाहेर आला की त्याला इतका आनंद झालेला असायचा, की तो समोर दिसेल त्याचे लाड करायचा. ताईंचे कसे करणार? पिल्लाचे करायचा! "अले अले अले" काय, बिस्किट काय! अर्ध्या सुन्न जबड्याने पापे काय! मी म्हणायची, बघा, माझा कुत्रा माणसाळतोय. सगळं व्यवस्थित चाललंय असं ज्या क्षणी वाटतं ना, त्याच क्षणी कुठेतरी पाणी मुरत असतं. तुम्हाला सांगते, माझ्याच टेबलाखाली मुरत होतं.

पिल्लू मोठं झालं, टेबलाखाली मावेना म्हणून वर घरात गेलं, आणि मुक्याला वाचा फुटली. पहिल्यांदा भुंकला तो त्या हातरुमालावर. त्याचं नाव कापूस. कापसाचे मालक आमच्या समोरच्या इमारतीत राहतात, आणि त्यांना गल्लीत सगळे 'काही करत नाही काका' म्हणतात. का? कारण कापसाला ते मोकळा सोडतात. दोरी असते, पण ती काकांच्या खिशात! शोभेला! आणि कापूस सुसाट आमच्या अंगावर आला, की काका तिकडून, लांबून, हात हलवत, हसत, "काही करत नाही हो तो! काही करत नाऽऽही!" अहो, तुमचा करत नाही हे दिसतंय, माझा करतो! माझा सगळं करतो! त्याच्या एका जबड्यात तुमचा कापूस, कापसाची दोरी आणि तुम्ही स्वतः गळ्यापर्यंत मावाल!

पण मी हे बोलते का? नाही. मी घाईघाईने दोरी आवळते, मुक्याच्या कानाशी वाकते, आणि अगदी मायेने, अगदी हळुवार म्हणते, "काही नाही, काही नाही... काही नाही रे राजा..." आणि मुक्या फुटतो!

आता सल्ले सुरू. कुत्रा भुंकला की माणसांना कंठ फुटतो. दूधवाला म्हणाला, "नाकावर पेपरची गुंडाळी हाणा." शेजारीण म्हणाली, "तोंडावर पाणी मारा." मारलं. ओली मी झाले. एका पेशंटने, तोंडात कापसाचे बोळे असताना, खुणा करून करून सांगितलं की आधी तुम्ही जेवायचं आणि मग कुत्र्याला द्यायचं, म्हणजे त्याला कळतं घरात मालक कोण. अहो, घरात मालक कोण हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, त्याला दोन पोळ्यांत कळणार आहे?

आणि मग ती सकाळ आली. ती मात्र हसण्यासारखी नाही बरं का. कापूस आला, मी वाकले, "काही नाही, काही नाही" म्हटलं, आणि मुक्या पुढे न जाता एकदम मागे सरकला. मागे! मान खाली घातली, आणि गळ्यातला पट्टा कानांवरून सुळ्ळकन निघाला. माझ्या हातात दोरी, दोरीला पट्टा, पट्ट्यात कुत्रा नाही. तो रस्त्यावर. गाडी आली. त्या ब्रेकचा आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. गाडी त्याच्या बरगडीपासून एवढ्या, एवढ्याशा अंतरावर थांबली, आणि मुक्या तिथेच मधोमध बसून थरथरत होता, आणि मी त्याच्या गळ्यात पडून भर रस्त्यात रडत होते, आणि मागून काका, "बघा, म्हटलं नव्हतं, माझा काही करत नाही!"

त्या दिवशी हे जेवले नाहीत. ताट सारलं आणि म्हणाले, "अजून एकदा. एकदा जरी असं झालं, तरी तो गोदामावर जाणार." ह्यांचा एक मित्र आहे, त्याचं गावाबाहेर पत्र्याचं गोदाम आहे. राखणीला कुत्रा हवाय त्याला. मी बघून आले गोदाम. खांब आहे, खांबाला साखळी आहे, फक्त साखळीच्या टोकाला कुत्रा लावायचा बाकी आहे. ह्यांनाही जड जात होतं, मला दिसत होतं ना. पण म्हणाले, "गाडीखाली जाण्यापेक्षा साखळी बरी." मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि मुक्या खिडकीवर धावून जाऊन असा भुंकला, असा भुंकला... मला वाटलं, बिचाऱ्याला कळलं बघा माझं दुःख. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! कसलं दुःख आणि कसलं काय!

तर, शिकवायला बाई आणली. कुत्र्यांना शिकवणारी, तरुण, केस बारीक कापलेले, आणि बोलायची अशी की जणू एकेका शब्दाला घाम गाळावा लागतो. "मॅडम, पट्टा बंद." मग काय? "छातीचा पट्टा." तो आणला, चांगला दोन ठिकाणी अडकवायचा, मागे सरकून निघतच नाही. ते बाकी बरं झालं, तुमच्याकडे घाबरट कुत्रा असेल तर गळ्यातल्या पट्ट्याच्या भरवशावर रस्त्यावर जाऊ नका, माझं ऐका. मग म्हणाली, "मॅडम, अंतर." म्हणजे दुसरा कुत्रा लांब दिसला, की तेवढ्याच अंतरावर थांबायचं, मुक्याने त्याच्याकडे बघितलं की तोंडात कोंबडी. पुन्हा बघितलं, पुन्हा कोंबडी. म्हणजे त्याच्या मनात बसतं, की कुत्रा दिसला म्हणजे काहीतरी चांगलं होणार. पटलं मला. मी तर पोरांना दात काढून झाला की हातात फुगा देते.

मग आमची वरात निघायची. पुढे मुक्या, मागे मी, माझ्या मागे ती, "मॅडम, श्वास." घेतला. "मॅडम, खांदे." पाडले. "मॅडम, कोंबडी." दिली. "मॅडम, आता का ओरडला?" अहो ते तुम्ही मला सांगायचं ना! ती हातात दोरी घ्यायची तेव्हा मुक्या गायीसारखा. मी घेतली की बैल! ती म्हणायची, "मॅडम, तुम्ही काहीतरी करताय." मी? मी काय करतेय? मी तर त्याला धीर देतेय! उलट तिचंच चुकतंय, ती मेली तोंडातून एक शब्द काढत नाही. मुक्या जनावराशी मुकं राहून कसं चालेल? कुत्रा लांब दिसला, की मी आपली सुरू, "काही नाही, काही नाही..." धडाम! कोंबडी जमिनीवर, मी झुडपात.

घरात तर वेगळीच तऱ्हा. सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला म्हणाल्या, "काही नाही गं, बसलेय आपली," की मुक्या दारावर! सासूबाई म्हणाल्या, "ह्याला माझी बहीण आवडत नाही." हे म्हणाले, "कुत्र्याला माणसांची पारख असते." त्यावर दोन दिवस अबोला. मायलेकरांचा!

आता ऐका हं, खरी गंमत इथे आहे, म्हणजे गंमत तुमची, लाज माझी. एक दिवस दवाखान्यात एक जिमवाला आला. लोकांना वजनं उचलायला शिकवतो, दंड हा असा, माझ्या मांडीएवढा. दाढ किडलेली. खुर्चीत झोपला, तोंड उघडलं, मी सुई घेतली, आणि नेहमीसारखं म्हटलं, "काही नाही, काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल..." आणि तो गडी खुर्चीच्या दोन्ही हातांना असा धरून बसला, की हात निखळतात की काय! मी म्हटलं, "अहो, अजून लावलीसुद्धा नाही सुई!" तर तो डोळे घट्ट मिटून म्हणतो, "डॉक्टर, सुईचं सोडा हो. तुम्ही 'काही नाही' म्हटलंत ना, की मला कळतं, आता दुखणार. गेल्या वेळी पण म्हणालात, आणि मग काय ते काढलंत मशीन..."

मी तशीच उभी. सुई वर. मी म्हटलं, "काय म्हणालात?" तो म्हणाला, "सॉरी." मी म्हटलं, "सॉरी नको, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा!" तो बिचारा, "का... काही नाही?" आणि वरून, आमच्या घरातून, दोन भिंती आणि एक जिना ओलांडून, आवाज आला, भॉ! रोजच यायचा तो, मी समजायची जिन्यात कुणी आलं असेल!

अहो, उजेड पडला डोक्यात! टेबलाखालचं पिल्लू! आयुष्यातला पहिला धडा काय गिरवला त्याने? आतून डॉक्टरीण मायेने म्हणते 'काही नाही, काही नाही', लगेच घुर्रर्र मशीन, आणि लगेच माणूस किंचाळतो! दिवसभर! रोज! कुणी कितीही गोड आवाजात म्हणो, 'काही नाही' म्हणजे आता कुणाचा तरी जीव जाणार! आणि ते बीज पोटात घेऊन मोठ्या झालेल्या कुत्र्याला मी रस्त्यावर नेऊन, समोर अनोळखी कुत्रा, दोरी आवळलेली, आणि कानात काय सांगतेय? घुर्रर्र येतंय रे राजा, घुर्रर्र येतंय! मी त्याला धीर देत नव्हते हो, त्याच्या छातीवर बसून शंख फुंकत होते! जगातल्या कुठल्या डॉक्टरने, वकिलाने, शिंप्याने असली चूक केली असती? शिंप्याचा कुत्रा फार तर टेप बघून पळाला असता!

शिकवणीबाईला सांगितलं. पहिल्यांदा तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य बाहेर पडलं, "मॅडम, मग मला एवढे दिवस कशाला फिरवलंत?"

झालं! घरात फर्मान! ते शब्द बंद! आणि तुम्हाला कल्पना नाही, माणूस दिवसभरात ते किती वेळा म्हणतो! तुम्ही करून बघा. मी ह्यांना विचारलं, "काय झालं, तोंड का एवढंसं?" हे तोंड उघडतात, मुक्या एक कान वर करतो, हे तोंड मिटतात. मग? मग खरं सांगावं लागतं ना! म्हणाले, "साहेब सगळ्यांसमोर मला बोलला." इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने पहिल्यांदा मला ऑफिसातलं सांगितलं. सासूबाईंना विचारलं, "काय झालं?" त्यांनी मुक्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला, आणि म्हणाल्या, "तुझी आमटी मला कधीच आवडली नाही." कधीच! लग्न झाल्यापासून! हे कुत्र्यामुळे कळलं मला!

पण गोदाम डोक्यावर होतंच. मुळात ह्यांना माझा शोध पटलाच नव्हता. "दावा ठीक आहे, पुरावा कुठाय?" असं म्हणून एका सकाळी हे स्वतः आमच्याबरोबर पाहणीला निघाले. हाताची घडी, भुवया वर. आम्ही फाटकातून बाहेर पडतोय, डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला उभी केलेली गाडी, आणि गाडीखालून कोण येतंय? कापूस! मोकळा! अंतर म्हणून नाही! थेट मुक्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये येऊन उभा, वर बघत! आणि लांबून, "काही करत नाऽऽही हो तो!"

मुक्याची पाठ ताठ. मानेवरचे केस उभे. ओठ वर. त्याचे दात मी बघितले हो, मी दातांचीच डॉक्टर, किती खोल जातील ते मला बघताक्षणी कळलं. कापूस गेला, मुक्या गेला, साखळी आली, सगळं दिसलं. माझ्या जिभेवर ते शब्द आले, अगदी टोकावर आले, मी जीभ चावली! दातांनी! आणि तोंडाला तर काहीतरी बोलायची सवय, एवढी वर्षं त्या तोंडाने दिवसभर दोनच वाक्यं म्हटलेली, पहिलं गिळलं तर उरलं कोणतं? मी भर फाटकात, होत्या नव्हत्या त्या सगळ्या जोराने ओरडले, "चूळ भराऽऽ!"

आणि मुक्या बसला.

बसला! मानेवरचे केस खाली. ओठ खाली. जीभ बाहेर काढून माझ्या खिशाकडे बघायला लागला. अहो, 'चूळ भरा' म्हटलं की काय होतं? मशीन बंद! पाण्याचा आवाज! आणि मग पेशंट बाहेर येतो, लाड करतो, बिस्किट देतो! संपलं सगळं! सुटलो! माझ्या कुत्र्याला जगातलं सगळ्यात मोठं आश्वासन ठाऊक होतं, आणि मी ते इतके दिवस बेसिनपाशी वाया घालवत होते! मी त्याला अख्खी कोंबडी दिली. पिशवीसकट. आणि मग काकांकडे वळले. खरं बोलायची सवय घरात लागलीच होती. म्हटलं, "तुमचा काही करत नाही, पण माझा आज त्याचे दोन तुकडे करणार होता. तुमच्या खिशातली दोरी खिसा सांभाळायला दिलीय का? मेला असता तो! आणि माझाही गेला असता!" काका पांढरेफटक. कापसाहून पांढरे. खिशातून दोरी काढली, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि कापसाला अडकवली. आता रोज अडकवतात. आणि आम्हाला बघितलं की रस्त्यापलीकडूनच, हात हलवत, हसत ओरडतात... काय ओरडणार? "चूळ भराऽऽ!"

ह्यांचं काय? हे घरी आले, गोदामवाल्या मित्राचा फोन आला. पलीकडून तो, "काय रे, मग कधी आणतोस कुत्रा? काय झालं?" हे म्हणाले, "अरे, का..." आणि मी आणि सासूबाई एकदम, "नकोऽऽऽ!" ह्यांनी फोनवर हात ठेवला, मुक्याकडे बघितलं. मुक्या ह्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपलेला, एक कान वर. हे घसा खाकरून म्हणाले, "कुत्रा घरातच राहणार. आमचा आहे तो." आणि डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तेव्हा मुक्या वाचला, छान झालं, आनंद आहे. पण माझं काय हो? आता मी, डिग्री भिंतीवर लावलेली बाई, भर चौकात कुत्र्याला चूळ भरायला सांगत फिरते. नवीन माणसं माझ्याकडे वळून वळून बघतात. दवाखान्यात तर त्याहून पंचाईत! आवाज वर जातो म्हणून ते शब्द तिथेही बंद. मग सुई टोचायच्या आधी पेशंटला काय सांगणार? खरं! "दुखेल. बऱ्यापैकी दुखेल." दोन जण खुर्चीतून उठून गेले. जिमवाला तर धावत गेला, दाढ तशीच घेऊन.

सासूबाई आता स्वतः आमटी करतात, आणि ती मला आवडत नाही, आणि तेही सांगून झालंय. रोज कुणाला तरी कुणाचं तरी काहीतरी खरं कळतं. मी आपली जिन्यात जाऊन बसते जरा वेळ. तेवढ्यात हे येतात, शेजारी बसतात, मुक्या आमच्या दोघांच्या मधे घुसतो, आणि हे अगदी मायेने विचारतात, "काय गं, काय झालं?"

आता तुम्हीच सांगा. मुक्या माझ्या तोंडाकडे बघतोय, कान वर आहे... मी काय उत्तर देऊ? चूळ भरायला उठते.